गजाला लावलेली खळ

यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाचे कान हळूहळू जातात, आणि ते सगळ्यांत शेवटी त्यालाच कळतं. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास सोलापुरात माझं तसंच झालं. पस्तिशी उलटली होती. पेठेतल्या भजनात मी लहानपणापासून गात आलेलो. एका गुरुवारी बुवांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “तुमी सूर सोडताय. जरा मागं बसा की, झांजा घ्या.” झांजा! संताप आला, आणि घरी येऊन रडूही आलं. गाणं गेलं तर मागाचा खडखडाट सोडून माझ्याकडे काय उरणार होतं?

त्याच हिवाळ्यात चर्चमागे राहणाऱ्या एका बाईंकडे चादरी द्यायला गेलो. शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका. “बसा, एवढं संपवते,” म्हणाल्या आणि गुडघ्यांत धरलेल्या भल्यामोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर गज ओढू लागल्या. मी लाकडी बाकावर बसलो होतो. सूर कानाआधी पाठीला लागला, छातीत घुमला. कितीतरी दिवसांनी मला एक सूर अख्खा मिळाला. चादरी हातात तशाच ठेवून मी विचारलं, “हे मला येईल का?”

“चेलो म्हणतात याला. वयाचं काही नाही, चिकाटी आहे का?”

विणकराला हे विचारतात होय!

चिकाटी होती, अक्कल नव्हती. दर रविवारी शिकायचं ठरलं आणि सरावाला त्यांनी एक जुना चेलो दिला. रिक्षात तो ऐसपैस बसला, मी लोंबकळलो. गजाच्या केसांना राळ लावल्याशिवाय वाजणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं. राळेचा खडा मी नेमका त्यांच्याकडेच विसरलो. गज तारेवरून नुसता घसरे. म्हटलं, ताण्याचं सूत तरी कोरडं कुठं चालतं? आपण खळ लावतोच की. बायकोनं कांजी शिजवून दिली. मी निगुतीनं केसांना लावून उन्हात वाळवली. केसांची पार काठी झाली. वाजवायला गेलो तर सूर नाहीच, वर पांढरा भुगा. बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

रविवारी गज पुढे केला तेव्हा वाटलं, संपलं शिक्षण. बाईंनी वास घेतला. “कांजी?” त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग ओल्या फडक्यानं केस पुसत म्हणाल्या, “खळीनं सूत सरकतं. आपल्याला उलटं हवं. राळ लावून केसांनी तारेला धरायला हवं.”

तोवर मी गज मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे पळवत होतो. त्या दिवसापासून तारेला धरून सावकाश ओढू लागलो. उन्हाळा संपेपर्यंत एक षड्ज पक्का झाला. फार नाही, पण माझा होता.

मग एका गुरुवारी चेलो घेऊन भजनाला गेलो आणि सांगितलेल्या जागी, मागेच बसलो. माणसं हसली. अभंग सुरू झाला तसा मी सा धरला, चेलोला छाती टेकवली आणि तोंड उघडलं. माझा आवाज मला धड ऐकू येत नव्हता, पण छातीत चेलोचा आणि माझा, असे दोन सूर भांडत नव्हते. बुवांनी हात वर केला. सगळे थांबले, मीही थांबलो.

“पेटी ऱ्हाऊ दे,” बुवा म्हणाले. “ह्यांच्या सुरावर घ्या.”