भिंतीकडे तोंड केलेली गाडी

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या घरी तुरीच्या शेंगा सोलत होतो. फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. पाच आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही... त्याची लाज वाटायला हवी, तीही नीट वाटत नाही.

त्याने आयटीआयमध्ये जन्मभर पोरांना डिझेल इंजिनं शिकवली, मी पोस्टातला. पण वेड दोघांनाही जुन्या युरोपियन स्पोर्ट्स कारचं, ज्या आम्ही फक्त चित्रांत पाहिल्या. माझी लाडकी इंग्लिश, लांब नाकाची, पुढे सहा सिलिंडरचं इंजिन. त्याची जर्मन, बुटकी, इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं. सिंदी मेघेला त्याच्या खोलीतल्या फळीवर दोन्हींच्या ॲल्युमिनियमच्या छोट्या प्रतिकृती होत्या. त्यानेच कानशीने घासून केलेल्या, आणि माझ्या गाडीच्या नाकात त्याने जराही बेइमानी केली नव्हती. दर रविवारी आमचा वाद. हरेल त्याच्या गाडीचं तोंड आठवडाभर भिंतीकडे. "वर्धेच्या उन्हात तुही गाडी पवनार येईस्तोवर उकळंन. माह्या गाडीले पाणीच लागत नाई," हे त्याचं ठरलेलं. "वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला का तुही मागून फिरते," हे माझं. वीस वर्षं आम्ही एकमेकांना कसलीही सूट दिली नाही.

शेवटच्या रविवारी तो खाटेवर होता. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्याला नाही. त्याने पाण्याचा मुद्दा काढला आणि मी, मूर्खासारखा, म्हणालो, "बरोबर आहे तुहं. जर्मनच चांगली." उठून माझी गाडी भिंतीकडे वळवलीसुद्धा.

तो बघत राहिला. "काऊन हारून राह्यला तू?" मग अगदी हळू म्हणाला, "डॉक्टर काय म्हणे तुले?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो. परत आलो तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. तो झोपला नव्हता, हे मला कळत होतं. तरी बसची वेळ झाली म्हणून निघालो... चार दिवसांनी फोन आला.

परवा वहिनींनी बोलावलं. "तुमची गाडी घेऊन जा, भाऊजी," म्हणाल्या. ती तशीच होती, मी वळवलेली. मी ती सरळ केली. जर्मन गाडीचं तोंड भिंतीकडे केलं आणि मोठ्याने म्हणालो, "इंग्लिशच चांगली." मग त्याच्या खाटेसमोरच्या खुर्चीत बराच वेळ बसलो. पाणीच लागत नाई, असं कोणी म्हणालं नाही.