पद्माच्या कॉम्प्युटरमधला थेंब

ऐका हो ऐका! सोलापूर शहर आणि पंचक्रोशीतल्या तमाम जनतेला कळवण्यात येतं की, एक अत्यंत गंभीर, अत्यंत महत्त्वाचं निवेदन आता सादर होत आहे. पंखे बंद करा, मोबाइल पालथे ठेवा, मागच्यांनी पुढच्यांच्या डोक्यावरून बघावं!

...झालं. एवढंच जमतं मला. घोषणा.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि माझ्या पोटात साधी चहाची बातमी टिकत नाही, हे सगळ्या साखर पेठेला माहीत आहे. मग ही एक गोष्ट सहा वर्षं कशी टिकली? भीतीनं. दुसरं काही नाही.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आमच्याकडच्या यंत्रमाग कारखान्यांत चादरींची डिझाइनं आता कॉम्प्युटरवर काढतात. तिथं मशीनला दोन शत्रू — ऊन आणि सुताचा तूस. तूस पंख्यात जाऊन बसतो, आतला प्रोसेसर तव्यासारखा तापतो. म्हणून दर उन्हाळ्यात मी जायचं, ब्लोअरनं तूस उडवायचा, प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या ठोकळ्यामध्ये नवी पेस्ट लावायची. उष्णता त्या ठोकळ्यात चढते आणि पंख्यानं बाहेर जाते. पाच मिनिटांचं काम. मी त्याचा तासभर खेळ करायचो — नकला, गोष्टी, मध्ये दोनदा चहा.

साखर पेठेतल्या व्यंकटेशअण्णांच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर त्यांच्या सुनेचा होता. पद्माचा. घरात आधी कुणा बाईनं डिझाइन काढलं नव्हतं. ही स्क्रीनवर चौकोन चौकोन भरत बसायची, मान वर न करता. सासूबाईंना ते पटलेलं नव्हतं, अण्णांना निम्मं पटलेलं. त्या खुर्चीवर ती बसली होती खरी — पण कडेकडेनं, कुणीतरी उठवेल अशी.

त्या वर्षी मी एक नवलाई मागवली. द्रवधातू! पेस्टऐवजी लावायचा चकचकीत धातू, साध्या हवेतही पातळ राहणारा. सुईच्या नळीतून थेंब काढला आणि काय सांगू — मागवाले माग थांबवून बघायला आले. एक जण म्हणाला, "भाऊ, मशीनला पारा पाजताय व्हय?" मी म्हणालो, "अमृत आहे, अमृत! आता मे महिना आला तरी हे मशीन स्वेटर मागेल." लोक हसले. पद्मासुद्धा हसली. थेंब पसरला, ठोकळा बसवला. टाळ्या.

नळीबरोबर आलेला कागद मी दुसऱ्या दिवशी दुकानात वाचला. आधी का नाही वाचला? खेळ चालू असताना कागद कोण वाचतो?

त्यात लिहिलं होतं — ॲल्युमिनियमवर लावू नये.

अण्णांकडचा ठोकळा ॲल्युमिनियमचा होता. मी भंगारातला तसलाच एक घेतला, थोडा घासून त्यावर थेंब ठेवला आणि कापड झाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगठ्यानं दाबून बघितलं. धातू होता हो तो! शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा चुरला. आणि तिकडे अण्णांचं मशीन भर एप्रिलात चालू होतं.

तेव्हाच जायचं होतं. स्कूटरवर दहा मिनिटं. "अण्णा, माझी चूक झाली, मशीन बंद करा" — एवढं एक वाक्य. पण ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासमोर ते म्हणायचं? मी गेलो नाही. फोन वाजला की दचकायचो. साखर पेठेवरून जायचं टाळून लांबून घरी यायचो. रोज वाटायचं, टिकेल. असं आठ दिवस.

नवव्या दिवशी अण्णांचा फोन. "मशीन गेलं. ये."

सगळे भोवती उभे होते. मी झाकण उघडलं. ठोकळ्याचा एक कोपरा ढासळला होता, आणि तिथून ओघळलेला तो टपोरा थेंब खालचा बोर्ड शॉर्ट करून बसला होता — चमकत, माझ्याकडे बघत. टेबलावर, बरोबर वर, पद्माची पाण्याची बाटली.

मी बाटलीकडे बघितलं. हे मला नीट आठवतं — आधी बाटलीकडे बघितलं, आणि मग म्हणालो, "आत ओल दिसतेय, अण्णा."

एवढंच. खोटंही नाही, नाही का? किती बेतून बोललो होतो! सासूबाईंची नजर बाटलीवर गेली, तिथून पद्मावर. अण्णा म्हणाले, "सांगितलं होतं की, पाणी जवळ ठेवू नको म्हणून." मी रुमालानं तो थेंब टिपला आणि रुमाल खिशात घातला.

डिस्क शाबूत होती. पद्माचं डिझाइन मी काढून दिलं, चादर निघाली, चालली. मी डिझाइन वाचवलं म्हणून अण्णांनी त्यातली पहिली चादर मला दिली. ती कपाटावर आहे, घडी न मोडलेली. बायको विचारते, पाहुण्यांना का देत नाही? काय सांगू?

खुर्चीवर आता बाहेरचा डिझायनर बसतो. पद्मा टॉवेलांच्या घड्या घालते, पॅकिंगमध्ये. दर एप्रिलला मी तिथं जातो, साधी पेस्ट लावतो, नकला करतो. ती चहा आणून ठेवते, "घ्या दादा" म्हणते आणि घटकाभर उभी राहते. माझ्या हातांकडे बघत.

कारण तिला कळलं होतं. त्याच दिवशी. मी रुमाल खिशात घालत होतो तेव्हा ती सगळ्यांदेखत सासऱ्यांना मोठ्यानं बोलून गेली होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली वाकून स्क्रू शोधायला लागलो, आणि तिचं बोलणं तिथंच राहिलं —

"मामय्या, पाणी असतं तर एवढ्या उन्हात वाळलं नसतं का?"