कांद्याएवढा रणगाडा

मे १९८६, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस सुरू, दुपारची वेळ. ठिकाण: रामदासपेठेत एका दवाखान्यासमोरचे व्हिडिओ गेमचे दुकान. हजर: मी, माझे यजमान, काटोलकडून आलेली माझी नणंद, दुकानाचा मालक आणि तीन कांदे. गैरहजर: यजमानांचा चष्मा, कारण तो अजून केलेलाच नव्हता.

कांद्यांचे आधी सांगून टाकते. नवतप्यात घराबाहेर पडताना आमच्याकडे प्रत्येकजण कांदा जवळ बाळगतो, म्हणजे ऊन लागत नाही. यजमानांचा सदऱ्याच्या खिशात, नणंदेचा कमरेच्या बटव्यात, माझा पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला. ह्यांचा कांदा नेहमी सगळ्यात मोठा. माणूस मोठा तर ऊनही जास्त लागणार, असा त्यांचा हिशेब. नणंदेचा मात्र घरच्या शेतातला, पांढरा आणि लहान.

आता चष्म्याचे. ह्यांना लांबचे उत्तम दिसे, जवळचे अजिबात नाही. पेपर हात ताणून वाचायचे. हात पुरेनासा झाला तेव्हा पेपर मला धरायला लावून स्वतः दोन पावले मागे सरकायचे. वर्ध्याच्या एका लग्नाची पत्रिका त्यांनी अशीच वाचली आणि आम्ही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोचलो. मांडवाचे बांबू निघत होते. मुलीच्या आईने उरलेली बुंदी आम्हाला वाढली आणि आहेर ठेवून घेतला. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दारामागच्या माझ्या कामांच्या यादीत 'ह्यांचा चष्मा' हे काम तळाशी होते. वरची कामे होत गेली, नवी चढत गेली, तळचे जागचे हलले नाही.

ते का हलत नव्हते, तेही मला ठाऊक होते. यजमान संत्र्याचे दलाल. बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून, झाडाला हात न लावता, यंदा माल किती उतरेल ते सांगायचे आणि शेतकरी त्यावर विश्वास ठेवायचे. धंदा सगळा नजरेचा. एकदा मला म्हणाले, "डोयावर काच चढली का संपलं. लोक म्हणतीन, याले सोताच्या हातातलं दिसत नाही, अन् माह्या बागेचा अंदाज सांगून राहिला." पण पत्रिकाही मीच धरायच्या आणि औषधाच्या बाटल्याही मीच वाचायच्या, हे किती दिवस चालणार?

तर त्या मे महिन्यात ह्यांच्या आत्याबाई पाय मोडून दवाखान्यात होत्या. भेटायची वेळ चारची. बस आम्हाला तीनलाच आणून सोडायची. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा चप्पल भाजत होती. समोरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मोठा कूलर होता, म्हणून आत शिरलो. मालक पोरगेलासाच, पण व्यवहाराला पक्का. बसायचे असेल तर काहीतरी खेळावे लागेल, म्हणाला. बाकीच्या यंत्रांपुढे गर्दी होती. कोपऱ्यातले एक तेवढे रिकामे, रणगाड्याचे.

हे यंत्र कपाटासारखे. वरती तोंड खुपसायला एक खोबण, तिच्या आत पडदा. पडद्यावर हिरव्या रेघांचे डोंगर, वर तसाच चंद्र आणि हिरव्या रेघांचा शत्रूचा रणगाडा. खाली दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की आपला रणगाडा पुढे जाणार, एक ढकलून दुसरा ओढला की वळणार. गोळ्याचे बटण उजव्या दांड्यावर. गोम एकच होती, ती मालकाने सांगितली. एक गोळा सुटला की तो कुठेतरी आदळेपर्यंत किंवा विरून जाईपर्यंत दुसरा सुटत नाही. म्हणजे शत्रू लांब असताना घाई केली, तर आपला गोळा वाटेत आणि आपण रिकाम्या हाताने उभे. अंतराचा अंदाज हाच सगळा खेळ.

हे ऐकताच यजमान पुढे सरसावले. अंदाज हा तर त्यांचा प्रांत. खोबणीत तोंड घातले. आतूनच म्हणाले की इथे कोणीतरी शेवया सांडल्या आहेत. त्यांनी पहिला गोळा डोंगरावर मारला, दुसरा चंद्रावर. तिसरा सुटायच्या आत शत्रूने त्यांना उडवले.

मग मी खेळले. मला युद्धाची हौस नाही, पण नियम समजला की काम होते. रणगाडा रुमालाएवढा दिसेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, असे ठरवले आणि चार रणगाडे उडवले. मालकाने माझ्याकडे नव्याने पाहिले. मी लगेच संधी साधली. शेजारीच चष्म्याचे दुकान होते. यजमानांना सांगितले, उद्या तुम्ही माझ्यापेक्षा जास्त उडवले तर चष्म्याचे नाव या जन्मात काढणार नाही. नाही उडवले, तर इथून निघून थेट शेजारी जायचे. नणंद साक्षीला होती. यजमान कबूल झाले, पण दोन अटी घालून. एक म्हणजे आधी सरावाचा एक डाव मिळायला हवा. दुसरी अशी की कसे खेळायचे ते मी ठरवायचे नाही. दुसऱ्या अटीकडे मी नीट लक्ष द्यायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी यजमान यंत्राजवळ गेलेच नाहीत. दोन हात मागे, पेपर वाचताना उभे राहतात तसे उभे राहिले. तिथून त्यांना खोबणीतला पडदा स्वच्छ दिसत होता. दांड्यापर्यंत हात पोचत नव्हते, म्हणून तिथे नणंदेला उभे केले. तिने पडदा अडवू नये म्हणून मान खाली घालायची आणि भाऊ सांगेल तसे दांडे हलवायचे. म्हणजे ज्याला दिसत होते त्याच्या हातात काही नव्हते, आणि जिच्या हातात सगळे होते तिला स्वतःच्या चपलांशिवाय काही दिसत नव्हते.

नणंदेला याचे काहीच वाटले नाही. तिने आयुष्यभर बैलबंडी हाकलेली. दोन दांडे म्हणजे दोन बैल, एवढे तिने धरून चालले. उजवीकडे वळायचे तर उजवा आवर, डावा सोड. मधूनमधून ती उजव्या दांड्याला चुचकारतही होती.

आणि अंतरासाठी यजमानांनी खिशातून कांदा काढला. हात पूर्ण ताणून कांदा डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला आणि कांद्याशेजारी रणगाडा ताडत राहिले.

"आता बोराएवढा हाये. थांब न बाई."

"थांबलीच हावो न गा दादा. मान दुखून राहिली माही."

"लिंबाएवढा झाला. डावा बैल आवर जरासा. आला, आला. कांद्याएवढा झाला, मार!"

रणगाडा फुटला. पुढचाही फुटला. त्या डावात दोघांनी सात उडवले. बाकीच्या यंत्रांवरचे लोक खेळ सोडून ह्यांच्या मागे जमले आणि कांद्याएवढा झाला की सगळे मिळून "मार" म्हणू लागले. मालक म्हणाला, हा तर रेकॉर्ड आहे. मी म्हणाले, हा सराव आहे. सरावाची अट त्यांचीच होती आणि मी ती पाळत होते.

खऱ्या डावाआधी यजमानांनी सर्वांना समोसे खाऊ घातले. स्वारी खुशीत होती. चार लोकांनी पाठ थोपटलेली, शेजारचे चष्म्याचे दुकान त्यांना दिसेनासे झालेले. समोसा काही त्यांना नुसता जात नाही. बोलता बोलता त्यांनी हातातला कांदा बाकावर ठेवला, बुक्की मारून फोडला आणि समोशाबरोबर खाऊन टाकला.

मी पाहत होते. कसे खेळायचे ते मी ठरवायचे नव्हते.

डाव सुरू झाला, हात ताणला गेला आणि हातात कांदा नाही. यजमानांनी नणंदेच्या बटव्यातून तिचा कांदा घेतला. तो पांढरा, लहान. पण त्यांच्या डोक्यात गणित पक्के होते, कांद्याएवढा झाला की मार. आता लहान कांद्याएवढा रणगाडा म्हणजे अजून पार लांबचा रणगाडा. इकडून गोळा निघायचा आणि चालतच राहायचा. तो पोचेपर्यंत शत्रू बाजूला व्हायचा, सावकाश वळायचा आणि आम्हाला उडवायचा. एका डावात आपले रणगाडे तीन, त्यातला पहिला गेला, दुसरा गेला. नणंद खालून विचारत होती, "काहून गा, लागून नाही राहिला का?" यजमान आणखी नेमाने कांदा धरत होते. डाव संपला तेव्हा एकच रणगाडा फुटला होता, आणि तोही आपणहून गोळ्यापुढे आला होता.

मी पर्स उचलून चष्म्याच्या दुकानाकडे वळले. यजमान हलेनात. म्हणाले, नजर चुकलीच नाही, कांदा बदलला. बागेतही एका मापाने मोजायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, असा व्यवहार कोणी करत नाही. मी म्हणाले, माप कोणी खाल्ले? नणंद मान चोळत होती, तिने कोणाचीच बाजू घेतली नाही. शेवटी चार वाजले आणि वाद दवाखान्यात आत्याबाईंच्या पलंगाशी गेला.

आत्याबाईंचा पाय वजनाला टांगलेला. त्यांनी सगळे दोनदा ऐकून घेतले, दुसऱ्यांदा केवळ करमणूक म्हणून. मग निकाल दिला.

"डाव पुन्हा झाला पाहिजे. याले घरून मोठा कांदा आणून दे, अन् डाव सरेपर्यंत याच्या हाती समोसा नोको देऊ वं."

निकाल मी मान्य केला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः टोपलीतून खाल्लेल्या कांद्याच्या जोडीचा कांदा निवडला, यजमानांकडून पसंत करून घेतला आणि घरूनच जेवून निघालो. दुकानात कोपरा रिकामा. मालकाने सांगितले, ते यंत्र सकाळीच दुरुस्तीला गेले. नणंदेने उजवा दांडा बैलासारखा ओढला होता, तो बुडातून निसटला. यजमानांनी हळहळ व्यक्त केली. इतक्या मनापासून हळहळताना मी त्यांना वर्ध्याच्या लग्नातही पाहिले नव्हते.

आत्याबाई बऱ्या होऊन घरी गेल्या, नणंद गावी गेली. हे लिहिते आहे तेव्हा पुढचा उन्हाळा लागला आहे. यंत्र परत आले का, म्हणून मी दोनदा जाऊन विचारून आले. आले नाही. चष्म्याचा विषय काढला की यजमान शांतपणे सांगतात, डाव बाकी आहे, आत्याचा निकाल आहे, मोठ्या माणसाचा शब्द मोडता येत नाही. निवडलेल्या कांद्याला पावसाळ्यातच कोंब आले. त्याच्या मापाचा दुसरा आणून ठेवला आहे, त्यालाही आता येत आहेत.

काल नणंदेच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मी ती धरली, यजमान दोन पावले मागे गेले आणि तारीख वाचली. मी उलटून पाहिली. त्यांनी महिना बरोबर सांगितला होता.

राहिलेली कामे: कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलणे, लग्नाचा आहेर, ह्यांचा चष्मा.