आईनं न खाल्लेला रस्सा

आई आज सकाळी गेली. मला रडू येत नाहीये, मी फक्त दमलेय.

फोन उचलायचं त्राण नाही, म्हणून सगळ्यांना इथेच सांगते.

ज्यांनी जुनं मलकापूर पाहिलंय, त्यांना आई आठवेल ती आमच्या दुकानामुळे. स्टेशनच्या रस्त्याला बाबांचं नैसर्गिक आहाराचं दुकान होतं. हातसडीचा तांदूळ, लाकडी घाण्याचं तेल, काळा गूळ, मध, कोंड्यासकट कणीक.

बाबा पोटाच्या दुखण्यानं बेजार झालेले. कुठल्याशा निसर्गोपचार शिबिराला गेले, बरे होऊन आले आणि आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. मटण सोडलं आणि दुकान टाकलं.

घरात मटण बंद. आईला कोणी विचारलं नाही.

आणि आईला मटण जिवापाड आवडायचं. ती अमडापूरची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी पाहुणा आला की आधी मटण, मग चौकशी.

मग इंदूरहून सोयाबीनच्या वड्यांची पोती यायला लागली. तेव्हा आपल्याकडच्या शेतात सोयाबीन कोणी पाहिलं नव्हतं, सगळा कापूस आणि ज्वारी. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "हे मटनच समजा. फक्त कोनाचा जीव गेला नाई."

गिऱ्हाईक वडी कोरडीच दाताखाली धरून बघायचं आणि निघून जायचं.

म्हणून दर रविवारी दुकानामागे स्टोव्ह पेटायला लागला. आई वड्या उकळायची, गरम गरमच पिळायची, परत पाणी, परत पिळायची. वास जाईपर्यंत. तळवे लालभडक. मग भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला.

आजच्या भाषेत फ्री सॅम्पल.

"वैनी, मटन फिक्कं पडन याच्यापुढं!"

"मंग अर्धा किलो बांधू का?" बाबा लगेच.

"नाई बुवा, आमच्या घरी असं जमत नाई."

वाटी चाटूनपुसून माणूस पसार. वड्या पडून राहायच्या आणि आठवडाभर आमच्याच ताटात यायच्या. आई आमच्याबरोबर मुकाट खायची.

मग मामाच्या पोराचं जाऊळ निघालं. नवसाचं बोकड होतं. आई आठवडाभर आधीपासून खूश. माहेरी जायचं, मटण खायचं. बाबांना ते कळत होतं की नाही, देव जाणे.

बाबा एसटीत वड्यांचं पोतं घेऊन चढले.

"भाऊजी, हे काय आनलं?" मामा दारातच.

"अख्ख्या गावाले खाऊ घालतो. बोकड सोडून दे."

"नवसाचं हाय ते! देवाले काय वड्या दाखवू?"

दोघांचा आवाज चढला. शेवटी दोन पातेली चढली. एक बोकडाचं, एक वडीचं. आणि रांधायला कोण? आईच. तिच्या हाताची चव दोघांनाही हवी होती.

पंगत बसली. आई सगळ्यात शेवटी टेकली.

बाबा म्हणाले, "तिले वडी वाढा. तिनं बी सोडलं हाय."

मामा म्हणाला, "सख्खी बहीन नवसाचा घास नाई खाईन तं माह्या पोराले लागन."

वाढपी दोन्ही पातेली घेऊन तिच्यापुढे उभे. मी शेजारीच बसले होते. आईनं भाकरीचा तुकडा तोडला, कांदा फोडला.

"मले भूक नाई. तुमी जेवा."

आणि उठून दुसऱ्यांना वाढायला लागली.

त्या दिवसानंतर आईनं दोन्ही सोडलं. मटणही, वडीही. बाबा लोकांना अभिमानानं सांगायचे की हिला पटलं. मामा म्हणायचा, नवऱ्यानं धाक घातला. दोघांनी आपापला अर्थ काढला आणि दोघांचंही समाधान झालं. आई रविवारी वड्या पिळत राहिली, दुकान बसेपर्यंत.

बाबा गेल्यावर मी किती वेळा म्हटलं, आई, आता खा ना. "राहू दे," एवढंच.

गेल्या वर्षी माझी लेक पुण्याहून आली. काचेचा दरवाजा असलेल्या दुकानातून 'प्लांट-बेस्ड खिमा' घेऊन. सुंदर पॅकेट, वर हिरवं पान. "आजी, खोटं मटण!"

आईनं पॅकेट उलटंपालटं करून पाहिलं.

"याले पिळा लागते का?"

"नाही गं, डायरेक्ट तव्यावर."

"बरं हाय," म्हणाली. खाल्लं नाही.

मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता जे मागतील ते द्या. मला वाटलं, चला, शेवटी तरी हे कोडं सुटेल. तिच्या कानाशी वाकले.

"आई, मटण करू की वडीचा रस्सा? कोणी काही म्हणणार नाही आता."

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"दोन्ही मीच रांधत होती ना, बाई. वासानंच पोट भरे."

"मग काय करू?"

"काई बी कर. फक्त मले उठाले लावू नको."

मी खिचडी टाकली. फोन आला, खाली लागली. तशीच नेली. तिनं ती करपट खिचडी सावकाश, डोळे मिटून, सगळी खाल्ली. मला मेलीला तेव्हा हुंदका आवरेना. एवढी वर्षं आम्ही सगळे मटण की वडी करत बसलो, आणि हिला हवं होतं कोणीतरी आयतं वाढलेलं ताट.

भावपूर्ण वगैरे तुम्ही खाली लिहालच. माझं इतकंच.

जा आई. तिकडे कोणी चुलीपाशी बोलावलं तर ऐकूच आलं नाही असं कर.