शिव्यांचा जामीन

माझ्या आईचं, तुळसाबाईचं, तोंड म्हणजे तोफखाना. लग्नाच्या पंगतीत विहिणीला शिव्यांची गाणी म्हणावीत तर तिनंच! वारासिवनीकडच्या पाच-सात गावांतून तिला त्यासाठी बोलावणं येई.

तेच तोंड एकदा भोवलं. अडुसष्ट साली कंडक्टरनं तिची वांग्यांची टोपली कटंगीच्या बसमधून उतरवली. आई बससमोर उभी राहिली आणि अर्धा तास त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. बस अडली, रस्ता अडला, शिपाई आला. कोर्टात साहेबांनी सहा महिने शांतता राखण्याचा मुचलका लिहून मागितला. दोनशे रुपयांचा, वर तेवढ्याच रकमेचा जामीनदार. चारचौघांत पुन्हा शिवीगाळ केली तर पैसे जप्त. जामीनदार मिळाला नाही तर तुरुंग.

माझे सख्खे काका भिंतीकडे बघू लागले. सही केली शेजारच्या तेजरामकाकांनी. जन्मात कुणाला 'अरे' न म्हटलेला माणूस! दोनशे रुपये म्हणजे त्यांची बैलजोडी.

"काहून फसता भाऊ? माह्या तोंडाचा भरोसा नाही," आई म्हणाली.

"मले हाय," काका म्हणाले.

चौथ्याच महिन्यात माझं लग्न निघालं. पंगत बसली. माझी सासू शेवंताबाई पदर सावरून वाट बघत होती. गाणं काही सुरू होईना, तशी तिनं हात आखडला. "आमी शिव्या देयाच्याही लायकीचे नाही का?"

आई ओठ मिटून भात वाढत राहिली. पंगतीत कोटवार बाबूलाल होता, गावची खबर ठाण्यात पोचवणारा. तरी मला आईचाच राग आला, खोटं कशाला बोलू? एका गाण्यानं असं काय आभाळ कोसळणार होतं!

तेवढ्यात तेजरामकाका उठले. "गप राहाचं बाईनं लेहून देल्लं, म्या नाही," म्हणाले आणि फाटक्या आवाजात त्यांनी सुरू केलं,

"इहीण आमची आली बाई, बसली पसरून पाय..."

पुढची ओळ आठवेना. कान लालबुंद झाले. आईनं भाताची बादली खाली ठेवली, त्यांच्या मागे गेली आणि कानात पुटपुटली.

"सात हांड्या भात खाल्ला, अजून हाय का काय?"

सासू खदखदून हसली, तिनं घास घेतला. बाबूलालनं पत्रावळीवरून मान वर केलीच नाही. आई एकेक ओळ कानात सांगत होती, काका गात होते, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

ते बघून मीही रडले. बायकांना वाटलं, पोरीला सासरी जायचं जड जातंय.