बत्तीच्या गेममधली अम्मी

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये बदरुद्दीन फोरमन आहे. दोन पत्र्यांमध्ये फट दिसली की त्याचा हात शिवशिवतो. आधी वेल्डिंगचा टाका मारणार, मग चूक कुणाची ते विचारणार. माणसाने ही खोड घरीही नेली. आणि घरात सगळ्यात जास्त फटी कशात, तर बत्तीच्या गेममध्ये.

गेमला खरं नाव आहे, पण ते बदरला कधी वाचता आलं नाही. लग्नाआधी तो दुबईत, देऱ्याच्या एका खोलीत चारचौघांसोबत राहायचा, तेव्हा कुणीतरी डिस्क आणली होती. कव्हर अरबी, आतलं बोलणंही अरबी. पडद्यावर दर्यातली बत्ती, म्हणजे दीपस्तंभ दिसतो, म्हणून बत्तीचा गेम. त्यात कोळ्याचा एक पोरगा होडी घेऊन बेटांबेटांवर हिंडतो. लांब कुणीतरी पाठमोरं उभं असतं, डोक्यावरून कापड घेतलेलं. पोरगा त्याच्यामागे धावतो आणि ओरडतो, "अम्मी! अम्मी!" बदर तेव्हा नवा. अरबी म्हणाल तर यल्ला आणि खलास, चल आणि संपलं, एवढंच. पण एवढं समजायला अरबी कशाला? पोरगा आईला शोधतोय, झालं.

हे त्याने फोनवर दाभोळला आपल्या अम्मीला सांगितलं. अन्वरीबी ऐकतच राहिली. तेव्हापासून दर शुक्रवारी जुम्म्यानंतर फोन, आधी गुडघे, मग मासळीचा भाव, आणि मग ठरलेलं.

"काय रं बदर, त्या पोराला अम्मी गावली?"

"नाय अजून. दुसरा भाग येतोय."

दुसऱ्यानंतर तिसरा आला तो इंग्रजीत. त्यात पोरगा "अंकल, अंकल" करायला लागला आणि अम्मीचं नावच नाही. चौथ्यात अंकल बुडाला. सहाव्यात तो धक्क्यावर चहा पीत बसलेला! पोराचं तुटलेलं बोट पुन्हा उगवलं, बत्ती उत्तरेची उठून दक्षिणेला गेली. दरवेळी कंपनी वेगळी, लिहिणारे वेगळे. मागचं कोण वाचतो? पण बदरला शुक्रवारी जाब द्यायचा असायचा. तो टाके मारत गेला. अंकलला अम्मीचा पत्ता ठाऊक आहे. बुडाला तो अंकलचा भाऊ. बत्ती वादळात पडली, दुसरीकडे नवी बांधली.

"तिथली मुनिसिपालटी बरी दिसते," अन्वरीबी म्हणाली.

यंदा शेवटचा भाग आला. त्याच्यासोबत कंपनीने पहिला भागही नवा रंग देऊन काढला, अरबीसकट. बदरची मुलगी इन्शा नववीत. ती खेळायला बसली आणि पाचव्या मिनिटाला थांबली.

"अब्बा, धिस इज नॉट अम्मी."

"मग कोण?"

"चाचा. अरबीत अम्मी म्हणजे माय अंकल. वी लर्न्ट इट इन ग्रेड टू! इतकी वर्षं इथे राहून तुम्हाला माहीत नाही?"

"अरबाला आम्ही अरबाब म्हणतो, मालक. चाचा म्हणायची पाळी कधी आली?" बदर पडद्याकडे बघत राहिला. डोक्यावरचं ते कापड आता चांगलं दिसत होतं. पुरुषाचं होतं. "म्हणजे तिसऱ्या भागात ती गायब झाली..."

"झाली नाही. शी वॉज नेव्हर देअर."

"आणि तो बुडालेला, ते बोट, ती बत्ती?"

"ते खरंच चुकलंय. दॅट्स जस्ट बॅड रायटिंग."

दोघांनी शेवटचा भाग पुरा केला. चाचा आणि पुतण्या एका होडीत बसले, सूर्य बुडाला, नावं यायला लागली. आई कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ऐंशी ओलांडलेली म्हातारी त्या पोराच्या आईवर डोळे लावून बसलेली.

"सांगा ना, सापडली म्हणून," इन्शा म्हणाली. "दादी विल बी हॅपी."

"टाका मारायला दोन्हीकडे पत्रा लागतो बाय. इथे पत्राच नाही."

जुम्म्यानंतर त्याने फोन लावला. गुडघे झाले, मासळी झाली. मग त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे पोरगा चाचाला हुडकत होता?"

"हां अम्मी."

"अम्मी हरवलीच नव्हती?"

"नाय."

"मग ती घरीच हाय की रं!" अन्वरीबीचा आवाज चढला. "ती बसलीय घरी, नि हा चाचाच्या मागं दर्यात. कुनी तिला विचारला, जेवलीस का म्हनून? घरी जा म्हनावं त्याला."

"गेम संपला, अम्मी."

"संपला नि अजून होडीतच? भला कारभार!" आणि लगेच, "तू कधी येतोस?"

"शेडमध्ये मोठं काम लागलंय. ते आटपलं की, इन्शाल्ला..."

"इन्शाल्ला मी म्हनते. तू तारीख सांग."

गेल्या दोन्ही ईदला हेच काम होतं, फक्त गिऱ्हाईक वेगळं. इन्शाने मोबाइलवर शाळेच्या सुट्ट्या काढल्या आणि त्याच्यापुढे धरल्या.

"डिसेंबर," तो म्हणाला. "बारा तारीख. इन्शाची आई धरून तिघंही येतो."

"बारा? थांब, फरीदाला सांगून येते."

फोन तसाच खाटेवर टाकून ती उठली. चपला फरफटत दारापर्यंत गेल्या. मग अंगणातून शेजारणीला मारलेली हाक अबू धाबीपर्यंत स्वच्छ ऐकू आली.