सातवी खाच

“मापाऱ्याचा हात शेवटी शेवटी गेलाच होता. त्या मोजणीवाल्या काकांच्या पिल्लाला पिंजरा केला, तो चांगला हातभर मोठा. काकांनी टेप लावून दाखवल्यावर माफी मागायला तीनदा आमच्या गेटवर आला बिचारा. तुम्ही दुसरीकडूनच करून घ्या.”

हे निवेदन आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी परवा लिफ्टमध्ये एका नव्या बिऱ्हाडाला ऐकवले. त्या जोडप्याच्या कडेवर कुत्र्याचे एक पिल्लू होते आणि मापाऱ्यांच्या मुलीकडे पिंजरा करायला टाकावा की नाही, असा त्यांचा प्रश्न होता. मी त्याच लिफ्टमध्ये, त्यांच्या पाठीशी उभा होतो. “यातले एकही विधान खरे नाही,” असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जाऊ द्या ना काका, गेला माणूस.” गेलेल्या माणसाला जाऊ द्यावे, हे मला मान्य आहे. त्याच्या नावाला जाऊ द्यावे, हे नाही.

मोजणीवाले काका म्हणजे मी. पनवेल तालुक्यातल्या जमिनी मोजण्यात माझी छत्तीस वर्षे गेली. भाऊ-भाऊ कोयते घेऊन बांधावर उभे राहत, आणि मी साखळी ओढून दगड रोवला की कोयते खाली जात. माझ्या मापावर अपील फार थोड्यांनी केले, आणि त्यांतले जिंकले कोणीच नाही. हे मी बढाईसाठी सांगत नाही. पुढे जे घडले, ते माझ्या शब्दाला एवढे वजन असल्यामुळेच घडले, म्हणून सांगतो.

मापारी मूळचे गव्हाणचे. त्यांच्या आजोबांनी मिठागरावर आयुष्यभर मीठ मोजून दिले, म्हणून घराला हे नाव पडले. मिठागरे गेली, नाव राहिले. मापारी वेल्डिंग शिकले आणि जुन्या पनवेलीत बाजारामागच्या गल्लीत त्यांनी दुकान थाटले. आधी खिडक्यांचे गज केले, पुढे उंच इमारती उठल्या आणि त्यांत कुत्री राहायला आली, तेव्हा पिंजरे. त्यांच्या दुकानात भिंतीवर एक टेप टांगलेली असे आणि तिच्यावर धूळ असे. मी विचारले, “ही वापरत नाही, तर ठेवली कशाला?” मापारी म्हणाले, “गिऱ्हाइकाला बरं वाटतं, साहेब. डॉक्टरच्या गळ्यात नळी नसली तर तुमी गोळी घ्याल काय?”

ते बोटांनी मोजत, पण स्वतःच्या नव्हे. गिऱ्हाइकाचा पंजा पत्र्यावर सपाट ठेवायला लावत आणि खडूने त्याच्या कडेने रेघ काढत. “बोटं तुमचीच पायजेत. आत हात तुमी घालनार, मी नाय.” झोपलेल्या कुत्र्याच्या नाकापुढे मालकाची चार बोटे, उभ्या कुत्र्याच्या कानांवर चार बोटे, आणि आत वळताना शेपूट गजाला लागता कामा नये. एवढेच त्यांचे शास्त्र. “तीन बोटं ठेवली तर कोंडलं, पाच ठेवली तर सोडलं,” असे ते म्हणत. साखळीच्या कडीकडीचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला ही पद्धत हास्यास्पद वाटली, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितले. ते हसले. “मोजनीसाहेब, तुमची जमीन एका जागी पडून ऱ्हाते. माजं गिऱ्हाईक उठून पलतं.”

पिल्लू मला कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळाले. पत्नी गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते. बाल्कनीच्या कठड्याचे लोखंड पाहायला गेलो होतो. उभ्या ट्रेलरखालून ते निघाले आणि रिक्षापर्यंत माझ्या धोतराचा सोगा धरून आले. त्याचे नाव मी सुभेदार ठेवले. घरात माझ्याखेरीज श्वास घेणारे दुसरे कोणी नव्हते, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे.

सुभेदाराला मी दुकानात नेले, तर मापाऱ्यांनी त्याच्याकडे धड पाहिलेही नाही. “पिल्लू काय दाखवता? आई दाखवा.” ही त्यांची दुसरी रीत. आई पाहिल्याशिवाय ते लोखंड कापत नसत. आई सापडतच नसेल, तर महिनाभर थांबायला लावत. आम्ही दोघे रिक्षाने कळंबोलीला गेलो. ती त्याच ट्रेलरखाली पडलेली होती. माझ्या अंदाजाने माझ्या गुडघ्याएवढीही नव्हती. मी म्हणालो, “पाहिलंत? लहान चणीची आहे. पिंजरा लहानच पुरेल.”

मापारी त्या तेलकट मातीत उकिडवे बसले, खिशातली बिस्किटे तिच्यापुढे मोडून ठेवली, आणि ती खात असताना तिच्या पाठीवरून, खांद्यावरून, मनगटांवरून हात फिरवला. मग म्हणाले, “बारीक नाय ती. उपाशी हाय. हाडं बगा, साहेब, हाडं उपाशी ऱ्हात नाय.” त्यांनी सुभेदाराचा पुढचा पंजा आपल्या तळहातावर घेतला. “आनि याचं पाय बगा. पाय आधी आलं, कुत्रा मागून येतोय.”

पंधरा दिवसांनी त्यांनी पिंजरा घरी आणून लावला. तो पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचा पिंजरा होता, हे मी इथे ठासून नमूद करतो. दोन्ही बाजूंच्या गजांवर सात खाचा होत्या, आणि त्यांत बसणारी एक मधली जाळी होती. ती पहिल्या खाचेत टाकली की पिल्लाला उठता-वळता येईल एवढीच जागा उरे. बाकीचा पिंजरा जाळीपलीकडे रिकामा राही. “पुनवेला एक खाच मागं घ्यायची,” मापारी म्हणाले. “खाडीला उधान आलं, की आपन एक खाच. इसरायला नको.” सातवी खाच झाली की जाळी काढून टाकायची.

मी म्हणालो, “एवढा पिंजरा रिकामा ठेवून त्याला कोपऱ्यात कोंबायचं? ही कोठडी झाली.”

“कोठडी नाय, कूस हाय. साहेब, पिल्लू आपल्या अंथरुनात घान करत नाय. त्याला झोपायला जागा द्या, आंगन देऊ नका. आंगन दिलंत तर एका टोकाला झोपंल आनि दुसऱ्या टोकाला सगलं करंल. मंग त्याला सवय मोडता येनार नाय.”

ते गेल्यावर मी मधली जाळी काढली आणि बाल्कनीत नेऊन तिच्यावर कुंड्या ठेवल्या.

मापारी म्हणाले होते तेच झाले. सुभेदार एका टोकाला झोपे, दुसरे टोक सकाळी मला धुवावे लागे. त्या मोकळ्या जागेत तो फेऱ्या मारी, गजांवर आपटे आणि दिवसभर रडे. वास जिन्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांनी तक्रार दिली. महिना उलटायच्या आत सोसायटीच्या सभेत ठराव आला की, पंधरा दिवसांत सुधारणा न दिसल्यास कुत्रे इमारतीत ठेवता येणार नाही.

मी घरी येऊन टेप काढली. सुभेदाराची लांबी मोजली, पिंजऱ्याची लांबी मोजली. फरक भरभक्कम होता. मग मी टेबलाशी बसून प्रमाणात नकाशा काढला, बाजूंची मापे लिहिली, जादा जागेवर तिरप्या रेघा मारल्या आणि खाली सही केली. पुढच्या सभेत तो सर्वांना दाखवला. “दोष प्राण्याचा नाही,” मी म्हणालो. “दोष पिंजऱ्याचा आहे. मापाऱ्यांचे माप चुकले आहे.”

मधल्या जाळीचा उल्लेख मी केला नाही.

मी खोटे बोललो काय? नकाशातला प्रत्येक आकडा बरोबर होता. परंतु छत्तीस वर्षे मी ज्या वस्तूची मापे घेतली, ती वस्तू वाढत नाही. वाढणाऱ्या जिवाला मी जमिनीसारखे मोजले, आणि ज्यांनी त्याला वाढणारा म्हणून मोजले होते, त्यांना चुकीचे ठरवले. मला त्या वेळी एकच दिसत होते, की पंधरा दिवसांनी ते घर पुन्हा रिकामे होईल. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. माझ्या हाताला मापाऱ्यांचे नाव लागले.

सेक्रेटरींनी नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकला. तो या इमारतीतून त्या इमारतीत फिरला. खाली मोजणीवाल्याची सही होती. शंका कोण घेणार? ज्यांनी पिंजरे सांगितले होते, त्यांनी एकामागून एक नको म्हणून कळवले.

आता ते तीन वेळा गेटवर येणे. पहिल्या दोन वेळा मी पहारेकऱ्याला ‘घरी नाहीत’ असे सांगायला लावले आणि वरून, पडद्याआडून, मापाऱ्यांना परत जाताना पाहिले. तिसऱ्या वेळी सोबत त्यांची मुलगी सुगंधा होती. वेल्डिंग तीही करते. शेवटची दोन वर्षे अर्धे काम तिचेच असे. या वेळी पहारेकऱ्याने मला न विचारताच इंटरकॉम जोडून दिला. मी वाट पाहत होतो, की ते ओरडतील, शिव्या घालतील, नकाशा मागे घ्या म्हणतील. मी उत्तरे तयार ठेवली होती.

“साहेब, जाली कुठं हाय?” मापाऱ्यांनी विचारले.

मी बाल्कनीतल्या कुंड्यांकडे पाहिले.

“जाली टाका. पिल्लू रडतं, खाली ऐकू येतं. एवढंच सांगाया आलतो. पहिल्या नाय, दुसऱ्या खाचंत टाका, एक पुनव होऊन गेली.”

मागून सुगंधेचा आवाज आला, “बाबा, त्यांना नकाशाचं बोला ना!” त्यावर मापारी तिला म्हणाले, “ते मंग. आधी पोराचं बगू दे.” आणि इंटरकॉम ठेवल्याचा आवाज आला.

याला माफी मागणे म्हणतात काय? सेक्रेटरींनी उत्तर द्यावे.

मी कुंड्या खाली उतरवल्या, जाळी धुतली आणि दुसऱ्या खाचेत टाकली. सुभेदार दोनदा गोल फिरला, अंगाचे मुटकुळे केले आणि झोपला. आठ दिवसांत पिंजरा कोरडा राहू लागला, रडणे थांबले. ठराव मागे घेतला गेला. सभेत मला विचारण्यात आले, “काका, काय केलंत?” मी म्हणालो, “दुरुस्ती केली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या.

मापाऱ्यांना भेटायचे मी ठरवले होते. शेवटची खाच झाली, कुत्रा पुरा वाढला, की त्याला साखळी लावून दुकानात घेऊन जायचे आणि सर्वांदेखत सांगायचे. पुराव्याशिवाय विधान करायचे नाही, ही माझी सवय. निदान तिला मी सवय म्हणत असे. जाळी तिसऱ्या खाचेवर असताना मापाऱ्यांची उजवी बाजू लुळी पडली. पाचवी पौर्णिमा त्यांनी पाहिली नाही.

मी गव्हाणला दहाव्याला गेलो. मांडवात मला जागा करून देण्यात आली, हे मला फार लागले. सुगंधा चहा घेऊन आली. तिने मला बसवून दोष दिला असता, तर मी तिचे उपकार मानले असते. ती म्हणाली, “बाबांना बोलता येत नव्हतं नीट. पुनव आली की बोटं दाखवून इचारायचे, कितव्या खाचेवर आलाय. मला काय म्हायती? मी आपलं सांगायची, तीन झाल्या, चार झाल्या. बरोबर सांगितलं ना, साहेब?”

“बरोबर,” मी म्हणालो.

त्यानंतर मी सोसायटीला दोन पत्रे दिली. ती फायलीला लागली. ग्रुपवर लिहिले, खाली तिघांनी हात जोडल्याची चित्रे टाकली आणि चौथ्याने पाण्याच्या टँकरचा विषय काढला. सभेत उभा राहून सांगितले, की नकाशा माझा, जाळी मी काढली, चूक माझी. सेक्रेटरी हळहळत म्हणाले, “काका, तुमचं मन मोठं आहे.” लोकांना माझा पहिला शब्द एवढा पटला आहे, की माझाच दुसरा शब्द तो खोडू शकत नाही. सुगंधेच्या दुकानात आता खिडक्यांचे गज होतात. पिंजरा सांगायला कोणी जात नाही, आणि ज्याने लोकांना थांबवले तो मी, रोज तिच्या दुकानावरून जातो आणि ती मला “या साहेब” म्हणते.

म्हणून हे लिहिले. मत मागत नाही, सहानुभूती मागत नाही. एक वस्तुस्थिती देतो. तपासायची असेल त्याने वर येऊन तपासावी, दार उघडे आहे.

सुभेदार आता दीड वर्षाचा आहे. त्याची वाढ थांबल्याचे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले. जाळी सातव्या खाचेतून केव्हाच निघाली. आज दुपारी तो पिंजऱ्यात आडवा पडलेला असताना मी टेप बाजूला ठेवली आणि त्याच्या नाकाच्या आणि गजांच्या मधल्या जागेत माझा हात घातला. चार बोटे बसली. पाचवे बसले नाही.